टिचकीचे नऊ आठवडे

माझी सून चिनी मातीच्या कारखान्यात कप तपासते. भट्टीतून निघालेला कप डाव्या हाताच्या तीन बोटांवर धरायचा, उजव्या हाताच्या मधल्या बोटाने काठाच्या जरा खाली टिचकी मारायची आणि ऐकायचं. चांगला कप टणकन वाजतो आणि आवाज थोडा वेळ मागे रेंगाळतो. तडा गेलेला बद्द वाजतो. हा तडा डोळ्यांना दिसत नाही. केसाहून बारीक असतो, वरून झिलई असते. पण असा कप घरी गेला की पंधरा दिवसांत गरम चहासकट कोणाच्या तरी मांडीवर फुटतो.

दिवसाला अडीच हजार कप. म्हणजे एका कपाला अकरा-बारा सेकंद, त्यात उचलणं आणि ठेवणं आलं. त्या मधल्या बोटाचं नख ती वाढू देत नाही आणि कापतही नाही. कानशीने घासून एका मापात ठेवते. कारखान्यात तिचं नाव टिचकी. खरं नाव पगारपत्रकावर आहे, ते फारसं कोणी वापरत नाही.

मी त्याच कारखान्यात भट्टीवर एकतीस वर्षं काढली. शेवटची बारा वर्षं मुकादम होतो. हाताखाली आठ माणसं, त्यांत एक माझा मुलगा. आमची भट्टी जुन्या पद्धतीची. आत माल रचायचा, दार विटांनी चिणायचं, वरून माती लिंपायची आणि पेटवायचं. दोन दिवस जाळ, दोन दिवस निवणं. दार एकदा चिणलं की चार दिवस आतलं काहीच हातात नसतं. विटेएवढं एक भोक ठेवतात, त्यातून जाळाचा रंग बघायचा. बाकी थांबायचं. थांबणं हे भट्टीवरचं सगळ्यांत कष्टाचं काम आहे, आणि लोकांना वाटतं भट्टीवाले बसून असतात.

एकदा मी थांबलो नाही. माल न्यायला ट्रक येऊन उभा होता, साहेब दर तासाला येऊन घड्याळ दाखवत होते. मी अर्धा दिवस आधी दार फोडलं. गार हवा आत गेली. दुसऱ्या दिवशी दुपारी तपासणीच्या टेबलावरची एक मुलगी, कामाला लागून चार महिने झालेली, अख्खी शेड ओलांडून माझ्यासमोर येऊन उभी राहिली. दोन हातांत दोन कप.

"मुकादम, हा ऐका." टिचकी. टण.

"आता हा ऐका." बद्द.

"पहिल्या वीसमध्ये सात असे आहेत. दार लवकर उघडलंत ना?"

माझी आठही माणसं बघत होती. साहेब म्हणाले, दिसायला चांगले आहेत ते जाऊ देत. ती म्हणाली, "तसं लिहून सही करा, मी सोडते." साहेबांनी सही केली नाही. तिने सगळा माल पुन्हा वाजवला आणि नऊशे कपांवर खडूने फुली मारली. ते मागच्या अंगणात नेऊन फोडायचं काम माझ्या मुलाच्या वाट्याला आलं. शेवटची पाटी रिकामी करून तो परत आला आणि म्हणाला, "बाबा, हिच्याशी लग्न केलं तर घरात काही लपवायची सोय नाही."

आम्ही हसलो. वर्षभराने त्याने तिच्याशीच लग्न केलं.

मी त्या दिवसानंतर एकही भट्टी वेळेआधी उघडली नाही. साहेब बदलले, ट्रक ताटकळले, मी दाराला हात लावू दिला नाही. तिने मला शिकवलेला धडा म्हणून मी हे सांगत असे.

घरात आल्यावरही ती तशीच राहिली. नवरा-बायको कारखान्यात एकमेकांना अरे-तुरे करायची, घरातही तेच चालू ठेवलं. माझ्या बायकोने आठवडाभर नाक मुरडलं, मग सोडून दिलं. काही खटकलं की सून तिथल्या तिथे सांगायची. राग नसायचा त्यात. कपावर फुली मारावी तसं सांगायची आणि पुढच्या कामाला लागायची. मी निवृत्त झालो त्या वर्षी मला खोकला धरला होता. भट्टीवाल्याला खोकला असतोच म्हणून मी दुर्लक्ष करत होतो. एक दिवस ताट वाढता वाढता थांबली.

"बाबा, हा खोकला बद्द वाजतोय. उद्या दाखवून यायचं."

"अगं, धुराचा आहे."

"धुराचा मला माहीत आहे. रोज ऐकते. हा तो नाही."

छातीत पाणी झालं होतं. डॉक्टर म्हणाले, आणखी महिना काढला असता तर अवघड होतं. म्हणजे मी आज हे लिहितोय ते तिच्या कानामुळे.

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. मधे एकदा दिवस गेले होते, पाचव्या महिन्यात गेलं ते. त्यानंतर ती तीन दिवस घरी होती आणि चौथ्या दिवशी टेबलावर. मग पुन्हा दिवस राहिले तेव्हा घरात सगळे पाऊल जपून टाकायला लागले. ती एकटी नेहमीसारखी चालायची.

चौथा महिना संपत आला होता. सकाळी चहाला आम्ही चौघं बसलो होतो. ती म्हणाली, "डाव्या बाजूला छातीत गाठ लागतेय. वाटाण्याहून मोठी आहे. कडक आहे आणि हलत नाही."

बायको म्हणाली, "अगं हळू! पुरुषमाणसं बसलीत."

"पुरुषमाणसांनाच दवाखान्यात रांग लावायचीय. त्यांना नको कळायला?"

गल्लीतल्या डॉक्टरांनी सांगितलं, पोटुशी बाईला असं होतं, दूध यायची तयारी असते. ती म्हणाली, "दोन्ही बाजूंना झालं असतं तर मी आलेच नसते." त्यांनी मोठ्या रुग्णालयाची चिठ्ठी दिली. तिथे सोनोग्राफी झाली, तेवढी जागा बधिर करून सुईने तुकडा काढला. बाळाला याचा त्रास नाही, हे तिने दोनदा विचारून घेतलं. फॉर्मवर फोन नंबर नवऱ्याचा लिहिला आणि पत्ते दोन, एक घराचा आणि एक कारखान्याचा. फॉर्ममध्ये एक जागा रिकामी राहिलेली तिला चालत नाही, म्हणून दुसरा.

रिपोर्ट आठवड्याने मिळणार होता. त्या दिवशी टेबलावर दोन बायका रजेवर होत्या. तिने नवऱ्याला पाठवलं.

तो अकरा वाजता घरी आला. पाकीट शर्टाच्या आत. मी ओट्यावर बसलो होतो. त्याने कागद माझ्या हातात दिला. त्यावर तो एक शब्द होता, कॅन्सर. बाकीच्या ओळी आम्हाला समजल्या नाहीत, आणि समजून घ्यायची गरजही वाटली नाही.

"डॉक्टरांना भेटलास?"

"नाही. खिडकीवरची बाई म्हणाली, आजच दाखवून जा. मी तसाच आलो."

"का?"

"बाबा, औषध सुरू झालं की बाळ जाणार."

"कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे कोणी? त्या औषधाने धडधाकट माणसाचे केस जातात, उभं राहवत नाही. पोटातलं एवढंसं कसं टिकेल?"

तेव्हा मी त्याला हाताला धरून परत न्यायला हवं होतं. रुग्णालय बसने चाळीस मिनिटांवर. एक प्रश्न विचारायचा होता. मी तो प्रश्न विचारायला उठलो नाही. मी म्हणालो, "भट्टी पेटलेली आहे. आता दार उघडायचं नाही. पाच महिने थांबू."

वाक्य माझं होतं. मुलगा तीस वर्षांचा असला तरी भट्टीवर तो माझ्या हाताखालचा. मुकादम म्हणाला थांबा, तो थांबला.

दुपारी बायकोला सांगितलं. ती रडली. मग तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "तिला कळता कामा नये. कळलं तर ती एक दिवस गप्प बसायची नाही."

संध्याकाळी सून कामावरून आली. पिशवी खाली ठेवायच्या आत तिने विचारलं, "काय म्हणाले?"

"दुधाची गाठ आहे," मुलगा म्हणाला. "बाळ झालं की आपोआप जाईल."

"रिपोर्ट कुठंय?"

"तिथेच ठेवून घेतला. फाइलला लावतात."

"बरं झालं," ती म्हणाली आणि हसली. नवऱ्याच्या बोलण्याला टिचकी मारून बघावी असं तिच्या मनात आलं नाही.

पुढचे नऊ आठवडे आमच्या घरात तिचे जेवढे लाड झाले तेवढे आधीच्या सहा वर्षांत झाले नव्हते. बायको तिला पाण्याची बादली उचलू देईना. मुलगा तिला कारखान्यापर्यंत सोडायला आणि आणायला जाई. मी तिच्या खुर्चीला पाठ टेकायला फळी बसवून दिली, चार वेळा घासली, कुठे खुपू नये म्हणून. ती म्हणायची, "बाबा, एवढं काय? पहिलीच बाई आहे का मी जगातली?" पण तिला आवडत होतं. मी पाहत होतो. कधीमधी छातीला हात लावून म्हणायची, "ही वाढतेय हं. दूध बरंच येणार दिसतंय." मग आम्ही तिघं तीन दिशांना बघायचो.

रुग्णालयातून मुलाला तीन फोन आले. तीनदा त्याने "येतो, येतो" म्हटलं. चौथ्या वेळी फोन आला नाही. पत्र आलं, कारखान्याच्या पत्त्यावर.

हे पुढचं मला तिच्या शेजारी बसणारीने सांगितलं. टेबलावर सगळ्यांत जुनी ती, तिला सगळे थोरली म्हणतात. दुपारी कार्यालयातला शिपाई पत्र देऊन गेला. टिचकीने ते फोडलं, वाचलं, पहिल्यापासून पुन्हा वाचलं आणि घडी करून कपांच्या पाटीखाली सारलं. पाटीत चाळीस-एक कप उरले होते. ते सगळे तिने वाजवले. दोन बाजूला काढले. थोरलीने नंतर मुद्दाम ते दोन उचलून वाजवून पाहिले. दोन्ही बद्दच होते. मग टिचकीने एप्रन काढला, पत्र थोरलीपुढे ठेवलं आणि म्हणाली, "हे वाच, आणि मला सांग की मी चुकीचं वाचलंय."

थोरलीने पत्र वाचलं आणि तिची पिशवी आणून दिली.

चार वाजता ती घरी आली. मी ओट्यावर एका खुर्चीचा पाय बसवत होतो.

"बाबा, रिपोर्ट काय होता?"

"काय?" मी म्हणालो.

ती माझ्याकडे बघत राहिली. "हे 'काय' बद्द वाजलं," ती म्हणाली आणि आत गेली.

आत तिने माझ्या बायकोला तेच विचारलं. बायको पदराने डोळे पुसायला लागली, म्हणजे उत्तर झालंच. मग तिने कपडे बदलले नाहीत, चहा घेतला नाही. भिंतीला पाठ लावून बसून राहिली. सहा वाजता मुलगा आला. दारातच त्याला कळलं.

"किती दिवस?" तिने विचारलं.

"अगं, ऐक तर..."

"किती दिवस झाले? आकडा सांग."

"नऊ आठवडे."

"बाकी कोणाकोणाला माहीत होतं?"

"घरातच. बाबा आणि आई."

"म्हणजे मी सोडून सगळ्यांना."

"बाळाला वाचवायला केलं गं," मुलगा म्हणाला.

"कोणापासून वाचवायला? माझ्यापासून?"

बायको म्हणाली, "तुझ्याच भल्यासाठी..."

"आई, तुम्ही मला बादली उचलू देत नव्हतात. मला वाटलं, कधी नव्हे ते माझे लाड चाललेत. मी टेबलावर सगळ्यांना सांगत होते, आमच्या घरी मला फुलासारखं ठेवतात." ती उठून उभी राहिली. "तुम्ही लाड करत नव्हतात. राखण करत होतात. मी कुठे जाऊन विचारू नये म्हणून."

मला वाटलं, कोणीतरी तिला नीट समजावून सांगायला पाहिजे. मी तेच वाक्य पुन्हा बोललो. पेटलेली भट्टी मध्येच उघडली की सगळा माल जातो. तूच ते मला दाखवलं होतंस.

ती माझ्याकडे वळली. "आणि भट्टीलाच तडा गेला तर काय करता, मुकादम?"

उत्तर मला माहीत होतं. एकदा जाळ चालू असताना भट्टीची कमान खचली होती. तेव्हा आम्ही थांबलो नव्हतो. जाळ कमी केला, वरच्या दोन विटा काढल्या, मग चार, दर तासाला थोडं थोडं करत दार उघडलं. भट्टी वाचली आणि अर्ध्याहून जास्त मालही वाचला. ती रीत मी स्वतः आठ माणसांना शिकवली होती. ओट्यावर बसलो होतो तेव्हा ती आठवली नाही. किंवा आठवू दिली नाही.

लग्न होऊन आल्यापासून ती मला बाबा म्हणत होती. त्या संध्याकाळपासून मी पुन्हा मुकादम झालो.

दुसऱ्या दिवशी ती थोरलीला घेऊन रुग्णालयात गेली. मुलगा तिच्या मागे बस बदलत गेला. मी त्याच्या मागे. तिने आम्हाला परतवलं नाही, आत मात्र येऊ दिलं नाही. पण डॉक्टरीण बाई स्वतः बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "नवरा कोण? आत या. तुम्हीही या." बोलावलं म्हणून आम्ही भिंतीशी उभे राहिलो.

बाईंनी टेप घेऊन जुना आकडा आणि नवा आकडा कागदावर शेजारी शेजारी लिहिला. आधी पावणेदोन सेंटीमीटर. आता चार. "काखेतही उतरलंय," त्या म्हणाल्या. "तेव्हा काखेत काही दिसलं नव्हतं."

"औषधाने बाळ..." मुलगा म्हणाला.

"पहिले तीन महिने आम्ही हे औषध देत नाही. त्यानंतर देता येतं. देतो. बाळावर लक्ष ठेवून देतो, जन्माच्या काही आठवडे आधी थांबवतो. किरणांचा शेक द्यायचा तो मात्र बाळ झाल्यावर. तुमचा रिपोर्ट आला तेव्हा साडेचार महिने झाले होते. त्याच आठवड्यात सुरू करता आलं असतं." त्यांनी चष्मा काढला. "तुम्हाला कोणी सांगितलं, देता येत नाही म्हणून?"

मुलाने माझ्याकडे बघितलं नाही. एवढं त्याने माझ्यासाठी केलं.

टिचकीने एकच विचारलं. "नऊ आठवड्यांपूर्वी आले असते तर?"

"तर काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही," बाई म्हणाल्या. "मोजून जे दिसतंय ते सांगितलं."

"चालेल," ती म्हणाली. "मला मोजलेलंच पाहिजे. आणि यापुढचा प्रत्येक कागद माझ्या हातात द्यायचा. दुसऱ्या कोणाच्याही नाही. तसं फाइलवर लिहा." बाईंनी तिच्यासमोर ते मोठ्या अक्षरांत लिहिलं.

त्याच आठवड्यात औषध सुरू झालं. तीन आठवड्यांनी एकदा, बाळ होईपर्यंत तीन वेळा. सोबतीला थोरली. मी दर वेळी जायचो आणि बाहेर बाकावर बसायचो. एकदा मी दार ढकलून आत डोकावलो तर थोरली उठून आली.

"मुकादम, बसा बाहेर. पेटलेल्या भट्टीचं दार उघडायचं नसतं ना?"

म्हणजे माझं वाक्य तोवर अख्ख्या कारखान्यात फिरलं होतं. मी बाहेर जाऊन बसलो.

उलट्या व्हायच्या. तोंड आतून सोलून निघायचं. पहिल्या औषधानंतर अठराव्या दिवशी केस गळायला लागले, विसाव्या दिवशी तिने स्वतःच कात्री घेऊन उरलेले कापले. माझी बायको रडत म्हणाली, "दे, मी कापते." "नको," ती म्हणाली, "तुमच्या डोळ्यांत पाणी आहे, हात हलेल." तोल जायचा, पोट पुढे आलेलं, तरी औषधानंतरचा वाईट आठवडा सोडला तर ती कामावर जायची. दिवसाला अडीच हजार झेपत नव्हते. नऊशे व्हायचे, कधी हजार. पण कोणी म्हणू नये की एक तरी तडा सुटला.

नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. पाणी दे. खिडकी लाव. उद्या साडेसातची बस. तो सगळं करायचा. एक दिवस मी त्याला मागच्या अंगणात पाहिलं. तो एक कप हातात धरून टिचकी मारत होता, पुन्हा पुन्हा, आणि कान लावून ऐकत होता. काय ऐकत होता ते मी विचारलं नाही.

सदतिसाव्या आठवड्यात मुलगी झाली. वजन थोडं कमी, बाकी सगळं धड. डोकं काळ्याभोर केसांनी भरलेलं. परिचारिका हसून म्हणाली, "आईचे सगळे केस हिनेच नेले वाटतं." टिचकीही हसली. बाळाच्या पाठीवर तिने बोटाने हलकेच थापटलं, ते खणखणीत रडलं, आणि ती म्हणाली, "पास." आम्ही दारात उभे होतो. ते आमच्यासाठी नव्हतं.

दूध पाजायचं नव्हतं, औषधं अजून बाकी होती. माझी बायको बाटली धुवायला शिकली. महिन्याभरात शस्त्रक्रिया झाली. डावी बाजू गेली, काखेतल्या गाठीही काढल्या. मग पुन्हा औषध, मग पंचवीस दिवस शेक.

हाताचं सांगायला हवं. डावा हात खांद्याच्या वर जाईना. कप धरायला चालतो, पण पाटी वरच्या फळीवरून उतरवायची तर हात वर जायलाच हवा. तिला व्यायाम दिला होता. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर चढत जायचं, जिथपर्यंत पोचेल तिथे पेन्सिलीने रेघ. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्या रेघा अजून आहेत. कधी दोन दिवसांत बोटभर चढलेली, कधी आठवडाभर एकाच जागी. मी एकतीस वर्षं माणसांकडून काम करून घेतलं, कामचुकार कोण आणि राबणारा कोण हे मला लांबून कळतं. त्या भिंतीवर एकशे बारा रेघा आहेत, आणि एकही दिवस चुकलेला नाही. शेवटची रेघ माझ्या डोक्याच्या वर आहे.

शेक संपला, सगळी तपासणी पुन्हा झाली. शेवटचा रिपोर्ट आणायचा दिवस आला तेव्हा पोर अकरा महिन्यांची होती. थोरलीला ताप होता. टिचकी म्हणाली, "मुकादम, पोरीला धरायला चला."

मी गेलो. तिने खिडकीवर सही करून पाकीट घेतलं, तिथेच उभी राहून फोडलं आणि वाचलं. मग डॉक्टरीण बाईंकडे एकटी गेली. वीस मिनिटांनी बाहेर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. मी पोरीला घेऊन उभा राहिलो.

"काय आहे?"

तिने पाकीट पिशवीत घातलं आणि पिशवीची चेन लावली.

"नऊ आठवड्यांनी सांगते."

मला वाटलं, रागाने म्हणाली, बसमध्ये सांगेल. बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत बसली. घरी मुलाने विचारलं. त्यालाही तेच उत्तर. तो तिच्या पायांशी बसला. ती म्हणाली, "उठ, पोरीला भूक लागलीय."

नऊ आठवडे. मी रोज तिच्याकडे बघायचो. जेवण कमी झालं का. जिना चढताना थांबते का. खोकली तर मी कान देऊन ऐकायचो, बद्द वाजतो का. एक दिवस ती पोरीला छातीशी धरून बराच वेळ बसली, तर माझ्या बायकोने त्याचा वाईट अर्थ काढला आणि दिवसभर जेवली नाही. मग सून कपाटातले कपडे लावताना गुणगुणली, तर आम्ही त्याचा चांगला अर्थ काढला. मुलगा भट्टीवरून येताना रोज थोरलीला गाठायचा. थोरलीला माहीत होतं. "दार चिणलंय," एवढंच ती सांगायची. मुलगा वाळला. मी एकदा ठरवलं होतं, पिशवी उघडून बघायची. पिशवी खुंटीला होती, घरात कोणी नव्हतं. मी खुंटीपर्यंत गेलो आणि परत आलो.

नऊ आठवडे पूर्ण झाले त्या दिवशी सकाळी, चहाला, तिने पाकीट माझ्यासमोर ठेवलं.

"वाचा, मुकादम. मोठ्याने."

यावेळी डॉक्टरीण बाईंनी खाली साध्या मराठीत एक ओळ लिहून दिली होती. ती मी वाचली. सध्या आजाराचं कोणतंही लक्षण नाही.

बायको हुंदके देऊन रडायला लागली. मुलगा टेबलावर डोकं ठेवून बसला. "चांगला होता," तो म्हणाला, "चांगला होता तर सांगायचं होतंस गं."

"माझा वाईट होता," ती म्हणाली. "वाईट होता म्हणून तर लगेच सांगायचा होता."

तिने चहा संपवला. रिपोर्टची घडी पहिल्यासारखी घालून तो पाकिटात ठेवला.

"पुढची तपासणी पुढच्या महिन्यात आहे," ती म्हणाली.

"मी येऊ?" मी विचारलं.

"पोरीला धरायला या. खिडकीपाशी थांबायचं नाही."

आता दर तीन महिन्यांनी आम्ही जातो. मी पोरीला मांडीवर घेऊन लांबच्या बाकावर बसतो. ती खिडकीवर सही करते, पाकीट तिथेच फोडते, उभ्या उभ्या पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचते आणि पिशवीत ठेवते. मग आमच्याकडे येते, पोरीला घ्यायला हात पुढे करते. डावा हात आधी. मी पोर देतो. विचारत नाही. कधी ती बस येईपर्यंत सांगते, कधी घरी गेल्यावर, कधी दोन दिवसांनी.